आवाज तक्त्यात बसवताना

भौतिकशास्त्रात ‘नादाची जात’ हा भाग शिकवताना एक आकृती हटकून येते. एकाखाली एक तीन लहरी काढलेल्या असतात. नादकाट्याची गुळगुळीत, बासरीची किंचित वाकडी, व्हायोलिनची करवतीच्या दात्यांसारखी. खाली एक वाक्य असते : तिन्ही लहरींची वारंवारता सारखी, उंचीही सारखी, पण आकार निराळा, म्हणून आवाज निराळा. विद्यार्थी आकृती वहीत उतरवून घेतात आणि आपण पुढच्या मुद्द्याकडे वळतो.

एखाद्या चौकस विद्यार्थ्याने इथे हात वर केला आणि विचारले, “सर, आवाज आकारावरून ठरत असेल, तर व्हायोलिनच्या लहरीचे एकच आवर्तन कापून घेऊन तेच पुन्हा पुन्हा वाजवले, तर व्हायोलिन ऐकू येईल का?” तर काय सांगावे? प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असे आहे. आवर्तनाची नक्कल हुबेहूब असली, तरी ऐकू येतो तो एक सपाट, निर्जीव भोंगा. असे का व्हावे, हे मात्र त्या आकृतीवरून कळत नाही.

संगणकावर संगीत रचणारी मंडळी आज हाच प्रश्न वेगळ्या अंगाने हाताळत असतात. १९८० च्या दशकातल्या सिंथेसायझरांमध्ये साठवलेली ध्वनिमुद्रणे, म्हणजे सॅम्पल्स, घ्यायची, त्यांचे बारीक तुकडे करायचे, ते तुकडे ‘वेव्हटेबल’ नावाच्या तक्त्यात बसवायचे आणि संगणकातल्या नव्या सिंथेसायझरवर वाजवायचे, असा हा उद्योग आहे. ‘जुने वाद्य पुन्हा जिवंत झाले’ असे त्याचे वर्णन केले जाते. हे वर्णन कितपत खरे आहे, याची तपासणी करण्याचा या लेखाचा हेतू आहे. ही तपासणी करताना आपल्या पाठ्यपुस्तकातल्या त्या वाक्याचीही परीक्षा होते.

लॉगच्या पुस्तकासारखे

वेव्हटेबल म्हणजे काय, हे समजायला लॉगचे पुस्तक आठवावे. एखाद्या संख्येचा लॉगॅरिदम आपण दर वेळी मुळापासून काढत नाही. कोणीतरी एकदा काढून छापून ठेवला आहे, आपण योग्य ओळ शोधून तो वाचतो. नेमकी संख्या तक्त्यात नसली, तर उजवीकडच्या ‘सरासरी फरका’च्या रकान्यातून मधली किंमत काढतो.

अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये मॅक्स मॅथ्यूज यांनी १९५७ साली आयबीएम ७०४ या संगणकाकडून संगीत वाजवून घेतले, तेव्हा त्यांच्यापुढे हीच अडचण होती. ध्वनी निर्माण करायचा तर दर सेकंदाला हजारो वेळा लहरीची उंची काढावी लागते. प्रत्येक वेळी ‘साइन’ची किंमत नव्याने काढत बसले तर काम संपायचे नाही. त्यांच्या आज्ञावलीच्या १९५८ च्या दुसऱ्या आवृत्तीत तक्त्याची युक्ती आली. लहरीचे एक आवर्तन एकदाच काढून तक्त्यात ठेवायचे आणि ते गोल गोल वाचत राहायचे. भराभर वाचले की स्वर चढतो, सावकाश वाचले की उतरतो. दोन नोंदींच्या मधली किंमत हवी असेल, तर आपल्या सरासरी फरकाचीच रीत वापरायची.

अशा तक्त्यात एकच ओळ असली, तर निघणारा आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसुरी राहतो. जर्मनीत हॅम्बुर्गच्या वोल्फगांग पाल्म यांनी त्यावर सुंदर तोडगा काढला. एकाच आवर्तनाऐवजी थोड्या थोड्या फरकाच्या अनेक आवर्तनांच्या ओळी एकाखाली एक ठेवायच्या आणि स्वर वाजत असतानाच वरून खाली सरकत जायचे. त्यांच्या पीपीजी या कंपनीच्या १९८१ च्या ‘वेव्ह २’ या वाद्यात प्रत्येक तक्त्याला अशा ६४ जागा होत्या. काही ओळी प्रत्यक्ष साठवलेल्या, मधल्या गणिताने भरलेल्या. पट्टी दाबली की आवाज मंदपणे उघडत जाई, पुन्हा मिटत जाई. लॉगचे पुस्तक हळूहळू चाळावे आणि त्यातून सूर निघावा, तसे हे झाले.

दुसरी वाट : सिडनी

याच सुमारास ऑस्ट्रेलियात, सिडनी येथे, पीटर व्होगेल आणि किम रायरी हे दोघे दुसऱ्या वाटेने चालले होते. त्यांनाही आधी खऱ्या वाद्यांचे आवाज गणिताने उभे करायचे होते. पण ते आवाज काही केल्या जिवंत वाटेनात. शेवटी व्होगेल यांनी रेडिओवर लागलेल्या पियानोचा सुमारे एक सेकंदाचा तुकडा संगणकात मुद्रित करून घेतला आणि तो वेगवेगळ्या स्वरांवर वाजवून पाहिला. गणिताने बांधलेल्या कोणत्याही आवाजापेक्षा तो पियानोच्या जवळ जाणारा होता. यातूनच १९७९ मध्ये ‘फेअरलाइट सीएमआय’ हे वाद्य बाजारात आले आणि ‘सॅम्पलिंग’चे युग सुरू झाले.

फेअरलाइटमध्ये एका आवाजाला मिळणारी स्मृती आज हसू यावे इतकी तोकडी होती : १६,३८४ नोंदी. प्रत्येक नोंद आठ बिटांची, म्हणजे लहरीची उंची मोजायला फक्त २५६ पायऱ्या. सेकंदाला १६,००० नोंदी घेतल्या, तर जेमतेम एक सेकंदाचा आवाज त्यात मावे. या नोंदी १२८ खंडांत विभागलेल्या होत्या आणि प्रत्येक खंडात १२८ नोंदी होत्या.

या दोन वाटांमधला फरक नीट ध्यानात घ्यावा. हॅम्बुर्गच्या वाटेवर ध्वनी म्हणजे आवर्तनांची माळ. काळाचे भान त्यात नसते, कोणत्या ओळीवर किती वेळ थांबायचे हे वाजवणारा ठरवतो. सिडनीच्या वाटेवर ध्वनी म्हणजे घडून गेलेली एक घटना. तिला सुरुवात आहे, मध्य आहे, शेवट आहे. सॅम्पलचे वेव्हटेबल करणे म्हणजे सिडनीचा माल हॅम्बुर्गच्या डब्यात भरणे. ही कल्पना तशी नवी नाही. पीपीजीनेच १९८० च्या दशकात आपल्या वाद्याला जोडण्यासाठी ‘वेव्हटर्म’ नावाचा संगणक काढला होता, त्यातून बाहेरचा आवाज मुद्रित करून वाद्यात आणता येई. नवे आहे ते एवढेच की, जे काम तेव्हा एखाद्या श्रीमंत स्टुडिओलाच जमे, ते आज कोणताही विद्यार्थी घरच्या संगणकावर करू शकतो.

आजचा डबा आणि त्यात भरण्याच्या रीती

आज या कामासाठी वापरली जाणारी दोन नावाजलेली साधने म्हणजे स्टीव्ह डूडा यांच्या एक्सफर रेकॉर्ड्सचे ‘सीरम’, जे २०१४ मध्ये आले, आणि मॅट टायटेल यांचे २०२० चे ‘व्हायटल’. व्हायटलची एक आवृत्ती विनामूल्य मिळते आणि त्याची मूळ आज्ञावलीही खुली आहे, म्हणून शाळांना ते अधिक सोयीचे. सीरमच्या तक्त्यात एका ओळीत २०४८ नोंदी असतात आणि अशा २५६ पर्यंत ओळी. सेकंदाला ४४,१०० नोंदींच्या वेगाने एक ओळ जशीच्या तशी वाचली, तर स्वर निघतो ४४,१०० भागिले २०४८, म्हणजे सुमारे २१.५ हर्ट्झचा. २०४८ नोंदींत मूळ स्वराच्या १०२४ पटीपर्यंतचे उपस्वर मावतात. डबा प्रशस्त आहे यात शंका नाही.

सॅम्पल कापण्याच्या सीरममधल्या रीती मुख्यतः तीन आहेत : ठराविक लांबीचे तुकडे पाडणे, स्वर ओळखून त्याप्रमाणे लहानमोठे तुकडे पाडणे आणि तुकड्याचे फूरिये विश्लेषण करून त्यातील वारंवारतांवरून ओळ बनवणे. आपण फेअरलाइटचेच माप घेऊन त्या तपासू.

समजा, सेकंदाला १६,००० नोंदींच्या वेगाने एका गायकाचा ‘आ’ मुद्रित केला आणि त्याचा स्वर बरोबर १२५ हर्ट्झ होता. एका आवर्तनात १६,००० भागिले १२५, म्हणजे नेमक्या १२८ नोंदी येतील. ठराविक १२८ चे तुकडे पाडले की प्रत्येक ओळीत एक अख्खे आवर्तन बसते. इथे रूपांतर उत्तम होते. प्रत्येक ओळीचा शेवट तिच्या सुरुवातीला जुळतो आणि ओळीमागून ओळ चाळली की गायकाच्या तोंडाचा बदलता आकारही ऐकू येतो.

आता गायक थोडा चढा लागला, १३० हर्ट्झवर, असे समजू. आवर्तनाची लांबी झाली १२३ नोंदी आणि आपण कापतो आहोत १२८ वर. प्रत्येक ओळीत एक आवर्तन आणि वर पुढच्या आवर्तनाच्या पाच नोंदी आल्या. ओळीचा शेवट सुरुवातीला जुळत नाही, तिथे एक पायरी तयार होते. तीच ओळ सेकंदाला शेकडो वेळा फिरवली की ती पायरीही शेकडो वेळा ऐकू येते आणि आवाजात एक करकर शिरते. ही करकर मूळ गायकाच्या गळ्यात नव्हती, जुन्या यंत्रातही नव्हती. ती कात्रीने निर्माण केली. शिवाय दर ओळीला पाच नोंदी पुढे सरकत गेल्यामुळे पंचवीस ओळींत लहर स्वतःभोवती एक पूर्ण फेरी मारते. १२८ ओळींत अशा पाच फेऱ्या होतात. तक्ता चाळताना जो ‘फिरता’ परिणाम ऐकू येतो, तो या हिशेबातल्या चुकीचा असतो. अनेकांना तो आवडतो आणि संगीतात आवडीला मज्जाव नाही. पण त्याला जुन्या यंत्राचे वैशिष्ट्य म्हणणे चूक आहे.

दुसरी रीत यापेक्षा शहाणी आहे. ती आधी स्वर ओळखते आणि लहर शून्यरेषा ओलांडते तिथे कात्री चालवते. त्यामुळे पायरी टळते. मात्र वेगवेगळ्या लांबीचे तुकडे शेवटी २०४८ नोंदींच्या सारख्या ओळींत ताणून बसवावे लागतात. गायकाच्या स्वरात जो बारीक हेलकावा होता, तो तिथेच इस्त्री होतो. श्वासाचे तर त्याहून वाईट होते. श्वासाचा आवाज हा गोंधळ आहे. त्यातले कोणतेही क्षण एकमेकांसारखे नसतात, म्हणून तर तो श्वास वाटतो. त्याचा एक तुकडा ओळीत अडकला की तोच सेकंदाला शेकडो वेळा जसाच्या तसा परततो. जे परतते त्याला स्वर येतो. अशा रीतीने श्वासाची भुणभुण होते. फेअरलाइटच्या सॅम्पलांत ‘एआरआर१’ नावाचा समूहस्वरासारखा, हवेशीर ‘आ’ फार प्रसिद्ध आहे. त्याचा तक्ता केला, तर ‘आ’ बऱ्यापैकी उरतो, हवा मात्र निघून जाते. त्या आवाजाची सगळी मोहिनी हवेतच होती.

तिसऱ्या, विश्लेषणाच्या रीतीत एक अट गृहीत असते. तक्त्याची ओळ पुन्हा पुन्हा फिरत असल्यामुळे तिच्यात मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा पूर्णांकी पटीतलेच उपस्वर राहू शकतात. घंटेचा एखादा उपस्वर समजा मूळच्या २.७ पट आहे. त्याला तक्त्यात जागाच नाही. तो शेजारच्या दुपटी-तिपटींमध्ये वाटून टाकला जातो. घंटा जाते, तिच्या जागी ऑर्गनसारखे काहीतरी येते.

फेअरलाइटचेच दुसरे एक सॅम्पल घ्या : ‘ऑर्क५’. स्ट्राविन्स्की यांच्या ‘फायरबर्ड’ या नृत्यनाट्याच्या संगीतातला वाद्यवृंदाचा एकच जोरकस आघात त्यात पकडलेला आहे. १९८२ च्या ‘प्लॅनेट रॉक’ या गाण्यातून तो जगभर पोचला आणि पुढे कित्येक गाण्यांत वाजला. हा अनेक वाद्यांनी एकदम वाजवलेला स्वरमेळ आहे, त्याला एकच असे आवर्तन नाही. वाद्यांचा धक्का, सभागृहाचा घुमार, आठ बिटांची खरखर हे सारे एका झटक्यात येते आणि संपते. तिन्ही रीतींपैकी कोणतीही लावा, हाती लागते ती एक भरड गुरगुर. तरीही असल्या आघातांचे तक्ते बनवले जातात आणि त्यांवर जुन्या यंत्राच्या नावाचे लेबल लागते. माझा पहिला आक्षेप या लेबलाला आहे.

आकार म्हणजेच आवाज का?

आता पाठ्यपुस्तकातल्या वाक्याकडे परत येऊ. त्यावर वेव्हटेबलचा हा उद्योग दोन बाजूंनी प्रकाश टाकतो.

पहिली बाजू अशी. शेजारच्या दोन ओळी एकमेकींत मिसळताना त्यांच्यातले उपस्वर एकाच वेळी वर आणि एकाच वेळी खाली गेले नाहीत, तर ते एकमेकांना खोडतात आणि आवाज मधेच पोकळ होतो. यावर उपाय म्हणून प्रत्येक ओळीतल्या सगळ्या उपस्वरांची कला, म्हणजे आवर्तन कुठून सुरू होते ती जागा, एकसारखी करून घेता येते. असे केले की पडद्यावरचा लहरीचा आकार पार बदलतो, ओळखूही येत नाही. पण स्थिर स्वर कानाला जवळजवळ तसाच लागतो. हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ च्या आपल्या ग्रंथात हेच मांडले होते : स्थिर स्वराची जात त्यातील उपस्वरांच्या कमीअधिक जोरावर ठरते, त्यांच्या कलेवर नव्हे. नंतरच्या संशोधनाने यातले अपवाद दाखवले, पण ढोबळमानाने नियम टिकला. म्हणजे आकार निराळा असूनही आवाज सारखा असू शकतो.

दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. आकार तंतोतंत सारखा असूनही वाद्य ओळखू येईलच असे नाही. फ्रान्समध्ये पिएर शेफेर यांनी १९४८ च्या सुमारास घंटेच्या मुद्रणातून टोल्याचा क्षण कापून टाकला आणि उरलेला नाद ऐकला, तर ती घंटा वाटेना. सल्दान्हा आणि कोर्सो या अमेरिकी संशोधकांनी १९६४ मध्ये वाद्यांच्या मुद्रणांचे वेगवेगळे भाग श्रोत्यांना ऐकवले. स्वराची सुरुवात काढून टाकली की वाद्य ओळखणे अवघड होते, असे त्यांना आढळले. छेडण्याचा, फुंकण्याचा, गज लागण्याचा तो पहिला क्षणच वाद्याचा चेहरा दाखवतो. पुढचा स्थिर भाग पाठमोऱ्या माणसासारखा असतो. ओळखीचा असेल तर कळतो, नाहीतर फसवतो.

सिंथेसायझर बनवणाऱ्यांना हे ठाऊक होते. जपानच्या रोलँड कंपनीने १९८७ मध्ये ‘डी-५०’ हे वाद्य काढले तेव्हा स्मृती महाग होती, सगळा आवाज साठवणे परवडणारे नव्हते. मग काय साठवायचे? त्यांनी खऱ्या आवाजांचे सुरुवातीचे आघात मुद्रित करून ठेवले आणि पुढचा लांबणारा भाग सिंथेसायझरच्या नेहमीच्या रीतीने निर्माण केला. ओळखीचा भाग खरा आणि भरीचा भाग कृत्रिम, असा तो हिशेब होता.

आजच्या रूपांतरात या हिशेबाच्या नेमके उलट घडते. तक्त्यात चांगला बसतो तो लांबणारा, आवर्ती भाग. आघात आवर्ती नसतो, म्हणून तो बिघडतो किंवा कापून टाकला जातो. १९८७ मध्ये स्मृतीची इतकी ओढाताण असताना जे जपले, ते आज स्मृतीचा सुकाळ असताना आपण फेकून देतो. माझा दुसरा आक्षेप हा आहे. यात साधनांचा दोष थोडा आणि वापरणाऱ्यांच्या समजुतीचा जास्त. सीरम आणि व्हायटल या दोन्हींमध्ये तक्त्याच्या जोडीला एखादे मुद्रण वाजवण्याची सोय आहेच. आघात तिथे ठेवावा आणि पुढचा भाग तक्त्यात, असे सहज करता येते.

जुनेपणा कुठे राहतो?

तिसरा प्रश्न जुनेपणाचा. फेअरलाइटची किंवा पीपीजीची आठवण येते ती त्यांच्या खरखरीत, दाणेदार आवाजामुळे. हा दाणा नोंदींमध्ये आहे का? काही अंशी आहे. २५६ पायऱ्यांत बसवलेली लहर करकरीत होणारच. पण बराचसा यंत्राच्या मंडलांत आहे. फेअरलाइटमध्ये स्वर चढवायचा तर त्या आवाजाचा नोंदी वाचण्याचा वेगच बदलत असे. पीपीजीच्या अंकीय लहरी पुढे अनुरूप, म्हणजे ॲनालॉग, गाळणीतून जात. चढ्या स्वरांत उपस्वर मर्यादेबाहेर गेले की ते दुमडून परत येत आणि भलत्याच वारंवारतेवर ऐकू येत. आजची साधने हे दुमडणे कटाक्षाने टाळतात. म्हणजे तक्ता जुना, पण वाचणारा नवा आणि नीटनेटका.

एक साधा हिशेब पाहा. फेअरलाइटच्या १२८ नोंदींच्या खंडात जास्तीत जास्त ६४ पटीपर्यंतचे उपस्वर मावतात. तो खंड २०४८ नोंदींच्या ओळीत ताणला की प्रत्येक दोन जुन्या नोंदींच्या मधे पंधरा नव्या भराव्या लागतात. त्या गुळगुळीत रेषेने भरल्या, तर ६४ च्या वरचे ९६० उपस्वर रिकामे राहतात आणि आवाज स्वच्छ पण मंद येतो. पायऱ्या तशाच ठेवून भरल्या, तर वरचे उपस्वर आपोआप निर्माण होतात आणि आवाज झणझणीत येतो. यातले खरे कोणते? जुन्या यंत्रात आधी पायऱ्या बनत आणि मग गाळणी त्या काही प्रमाणात बोथट करी. म्हणजे खरे उत्तर या दोहोंच्या मधे कुठेतरी आहे आणि ते त्या यंत्राच्या गाळणीवर अवलंबून आहे. तक्ता बनवणाऱ्याने जी निवड केली ती त्याची स्वतःची. बहुतेक वेळा ती कुठेही लिहिलेली नसते.

मग निकाल काय?

या सगळ्यावरून हा उद्योग टाकाऊ आहे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. नवे वाद्य घडवण्याची रीत म्हणून तो उत्तम आहे. एका सेकंदाच्या मुद्रणातून निघालेली ओळ हवी तितकी लांबवता येते, आवाजाचा प्रवास उलटा करता येतो, मधेच थांबवता येतो. मूळ सॅम्पलमध्ये ते शक्य नव्हते. कैरीचे लोणचे घातले तर ती कैरी राहिली नाही अशी तक्रार कोणी करत नाही. बरणीवर ‘ताजी कैरी’ असे लिहिले, तर मात्र तक्रार करावी लागते.

जतन म्हणून पाहिले, तर हा उद्योग अपुरा आहे. आणि इथे खरोखरीचे नुकसान होऊ शकते. फेअरलाइटची सॅम्पल्स आठ इंची चुंबकीय तबकड्यांवर होती. चुंबकीय माध्यमे कायमची टिकत नाहीत, त्यांना वाचणारी यंत्रेही दुर्मीळ होत चालली आहेत. अशा वेळी हातोहात फिरणारे तक्तेच काय ते मागे राहिले, तर पुढची पिढी त्यालाच फेअरलाइट समजेल. श्वास भुणभुणीत बदललेला, आघात कापलेला आणि कात्रीची करकर मूळची म्हणून चिकटलेली, असा आवाज तिच्या हाती येईल. म्हणून तक्ते बनवणाऱ्यांकडून तीन गोष्टींची अपेक्षा करावी. मूळ मुद्रण, न कापलेले, तक्त्यासोबत ठेवावे. कोणत्या रीतीने आणि किती नोंदींवर कापले ते लिहावे. आणि जे तक्त्यात मावले नाही त्याची नोंद करावी. प्रयोगवहीत आपण विद्यार्थ्यांकडून याहून जास्त अपेक्षा करतो.

वर्गात करून पाहण्यासारखे

शिक्षकांना या विषयाचा सर्वांत मोठा उपयोग वर्गात आहे. ‘ऑडॅसिटी’ ही विनामूल्य आज्ञावली आणि साधा मायक्रोफोन एवढ्यावर पुढचे प्रयोग होतात. सेकंदाला ४४,१०० नोंदी हा वेग ठेवावा.

पहिला प्रयोग. हार्मोनियमची एक पट्टी दाबून दोन-चार सेकंद मुद्रित करावे. चित्र मोठे करत नेले की आवर्तने दिसू लागतात. स्वर २२० हर्ट्झच्या आसपास असेल, तर एका आवर्तनात सुमारे २०० नोंदी येतील. त्या विद्यार्थ्यांनी मोजाव्यात. एक आवर्तन शून्यरेषेपासून शून्यरेषेपर्यंत निवडून ‘रिपीट’ने हजार वेळा जोडावे आणि ऐकावे. पेटीचा भास होतो, पण भात्याचा जीव गेलेला असतो. आता हिशेब असा : ४४,१०० भागिले २२० म्हणजे २००.४५. नोंदी मात्र पूर्णच घ्याव्या लागतात, म्हणून २०० घेतल्या. तर नवा स्वर झाला २२०.५ हर्ट्झ. मूळ मुद्रण आणि ही नक्कल एकत्र वाजवली, तर दर दोन सेकंदांनी एक ठोका, म्हणजे विस्पंद, ऐकू यायला हवा. निम्म्या नोंदीची चूक कानाने मोजण्याचा हा प्रयोग मुलांना फार आवडेल.

दुसरा प्रयोग. शाळेच्या घंटेचा एक टोला मुद्रित करून त्याचा सुरुवातीचा अर्धा सेकंद कापून टाकावा. उरलेला भाग हलकेच आवाज वाढवत वाजवावा आणि ज्यांनी मुद्रण पाहिले नाही अशा मुलांना हा कशाचा आवाज आहे ते विचारावे. मग घंटेचे एक ‘आवर्तन’ शोधायला सांगावे. ते सापडत नाही, हाच त्या प्रयोगाचा निष्कर्ष.

तिसरा प्रयोग तंबोऱ्याचा. एक तार छेडून पाच-सहा सेकंद मुद्रण करावे आणि सुरुवातीचे, मधले व शेवटचे अशी तीन आवर्तने शेजारी शेजारी ठेवावीत. तिघांचेही आकार निराळे दिसतील. जवारीमुळे तारेतले उपस्वर एकामागून एक उमलत जातात, गवई ज्यांना स्वयंभू स्वर म्हणतात ते हेच. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये आपल्या तंतुवाद्यांच्या या गुणाचा अभ्यास केला होता. त्याआधी १९२० मध्ये त्यांनी शिवकाली कुमार यांच्यासह मृदंगासारख्या वाद्यांच्या शाई लावलेल्या पुडीतून जवळजवळ पूर्णांकी पटीतले उपस्वर कसे निघतात ते दाखवले होते. कोणता आवाज तक्त्यात बसेल आणि कोणता नाही, या आपल्या प्रश्नाच्या मुळाशी असलेले भौतिकशास्त्र हेच आहे. तंबोऱ्याला एक ओळ पुरत नाही, पण अनेक ओळींचा तक्ता त्याला पुष्कळसा मानवतो. घंटेला तोही मानवत नाही.

हे तीन प्रयोग झाले की सुरुवातीच्या त्या आकृतीखालचे वाक्य मुलेच दुरुस्त करतील. लहरीच्या आकारावरून स्थिर स्वराविषयी बरेच कळते. पण वाद्य ओळखायला त्या स्वराचा जन्म आणि त्याचे बदलत जाणेही ऐकावे लागते. हात वर करणाऱ्या त्या विद्यार्थ्याला मग ‘नाही’ एवढेच उत्तर देऊन थांबायला नको. त्याच्या हातात मायक्रोफोन द्यावा आणि म्हणावे, “कापून पाहा, आणि काय गेले ते मला सांग.”